कावळा बसला, सर्व्हर बंद पडला

विंडोज सर्व्हर २०१२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. या दोन तारखांच्या आगेमागे गावोगावच्या छोट्या कार्यालयांनी नाइलाजाने का होईना, नवं विंडोज टाकून घेतलं. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं कामरगाव घ्या, किंवा वऱ्हाडातलं तसंच दुसरं गाव. कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, दवाखाना किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान, कुठेही पाहिलं तरी ज्याला ‘सर्व्हर’ म्हणतात तो बहुधा कोपऱ्यातला एक साधा सीपीयूच असतो. त्यावर हिशेबाचा डेटा, सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं एक फोल्डर आणि एक प्रिंटर. अपग्रेड झालं की दुसऱ्या दिवशी बाकीच्या मशीनवर फोल्डर उघडत नाही, प्रिंट निघत नाही, आणि निदान मात्र तयारच असतं: नव्या विंडोजने वाट लावली, फॉरमॅट मारा आणि जुनंच टाका. हे निदान बहुतेक वेळा चुकतं. अपग्रेडनंतर एकतर आधीपासून दबून राहिलेला दोष वर येतो, नाहीतर इतके दिवस चालवून घेतलेली एखादी सवलत बंद झालेली असते. दोन्ही वेळा फॉरमॅट मारल्याने कारण तेवढं पुसलं जातं, सापडत नाही.

दबून राहिलेला दोष म्हणजे काय? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसं इथे होतं. रोज संध्याकाळी बटण बंद करणाऱ्या दुकानात हे कमी घडतं, पण सर्व्हर म्हणून ठेवलेलं मशीन इन्व्हर्टरच्या जिवावर महिनोन्महिने चालू असतं. मधल्या काळात कोणी एखादा प्रोग्राम हाताने सुरू केलेला असतो, कोणी नेटवर्कची सेटिंग तात्पुरती बदललेली असते, आणि हार्ड डिस्क म्हातारी झालेली असते ती वेगळीच. अपग्रेडच्या निमित्ताने मशीन पहिल्यांदा पूर्ण बंद होतं आणि हे सगळं एकदम बाहेर पडतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला असेल, तर सर्व्हरचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग ब्राउझर प्रत्येक सरकारी पोर्टलवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा देतो, कारण त्या घड्याळाच्या हिशेबाने पोर्टलचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. लोक नेटवाल्याला फोन लावतात. दोष असतो त्या सेलमध्ये. म्हणून अपग्रेडच्या आधी मशीन एकदा जसंच्या तसं, वीज काढून पूर्ण बंद करावं आणि परत चालू केल्यावर सगळं पुन्हा उभं राहतंय का ते बघावं. तेव्हाच जे उभं राहिलं नाही, त्याचं खापर अपग्रेडवर फोडता येणार नाही.

बंद झालेल्या सवलतींमध्ये सर्वांत जास्त गोंधळ घालते ती बिनपासवर्डच्या शेअर केलेल्या फोल्डरची. फोल्डर शेअर केलं, ‘एव्हरीवन’ला परवानगी दिली, पासवर्ड मागणं बंद केलं, की कोणीही यावं आणि फाइल उघडावी. नव्या विंडोजने हेच दार बंद केलंय. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत प्रो वापरणाऱ्याचं मशीन बिनपासवर्डच्या ‘गेस्ट’ म्हणून दुसऱ्या मशीनवर जायला आपणहून नकार देतं. फाइल देवाणघेवाणीची जी अगदी जुनी पद्धत, एसएमबी १, ती विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून आधीच बंद ठेवलेली मिळते, आणि लिनक्सवर फाइल शेअर करणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरनेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीत तसंच केलं. यामागे कारण आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा किडा जगभर पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून, आणि त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. वॉनाक्रायच्या पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा किडा आला. त्याने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. पसरायला त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट हीच होती.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की बंदर कुठे आणि कामरगावातलं खताचं दुकान कुठे, आपल्यावर कोण हल्ला करणार? पण असा किडा गिऱ्हाईक बघून येत नाही. जो पत्ता समोर येतो त्याचं दार तो ढकलून पाहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नॉटपेट्याचा शिरकाव तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता, मग अपडेट न घेणंच बरं नाही का? शिरकाव तसा झाला, हे खरं. पण एका मशीनमध्ये शिरलेला किडा शेजारच्या दहा मशीनमध्ये गेला, त्यात उघड्या राहिलेल्या जुन्या दारांचाही वाटा होता. ‘ते जुनं सेटिंग चालू करा, लगेच चालतं’ हा सल्लाही खोटा नाही. लगेच चालतंच, कारण तेच दार पुन्हा उघडलेलं असतं. त्यापेक्षा सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाचं खातं आणि पासवर्ड करून द्यावा. हे काम अर्ध्या तासाचं आहे. खरी अडचण येते ती फक्त जुनी पद्धत समजणाऱ्या जुन्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनची. ते स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावं. एका मशीनपायी सगळं ऑफिस उघडं टाकू नये.

‘पिंग होत नाही, म्हणजे सर्व्हर बंद’ हाही असाच घट्ट बसलेला समज. विंडोजची फायरवॉल ‘पब्लिक’ ठरवलेल्या नेटवर्कवर मुळात पिंगला उत्तरच देत नाही. नवं मदरबोर्ड किंवा नवं लॅन कार्ड बसवलं की विंडोजला वाटतं आपण अनोळखी नेटवर्कवर आहोत, आणि ते त्या नेटवर्कला ‘पब्लिक’ खात्यात टाकतं. सर्व्हर चालू असतो, फक्त बोलत नाही. त्यातच कार्ड बदललं की त्याचा मॅक पत्ता बदलतो. राउटरमध्ये जुन्या मॅकसाठी राखून ठेवलेला आयपी नव्या कार्डाला मिळत नाही, आणि बाकीची मशीन्स जुन्याच आयपीचं दार ठोठावत बसतात. लिनक्समध्ये तर कार्डाचं नावच बदलू शकतं आणि सेटिंगची फाइल जुन्या नावावर अडून राहते. इथे क्रम महत्त्वाचा: आधी आयपी टाकून फोल्डर उघडतंय का बघावं, मग नावाने. आयपीने उघडलं आणि नावाने नाही, तर दोष नाव ओळखण्यात आहे. दोन्हींनी सर्व्हर सापडला पण फोल्डरच्या आत जाता येत नसेल, तर प्रश्न परवानगीचा आहे. पडद्यावर आलेला संदेश शब्दशः लिहून घ्यावा. ‘एरर आला’ एवढ्या माहितीवर कोणीही फॉरमॅटशिवाय दुसरं काही सुचवू शकत नाही.

मराठी कार्यालयांचा एक गैरसमज खास आपला आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांत त्याचं उत्तर सहसा सापडत नाही: अपग्रेडनंतर मराठी मजकूर कचरा झाला, म्हणजे डेटा खराब झाला. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं ‘कामरगाव’ संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. ती डी, के, ई, जे, एक्स, के, ओ या सात इंग्रजी अक्षरांची ओळ असते, आणि फॉन्ट त्या प्रत्येकाच्या जागी देवनागरी चित्र काढतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट टाकला नाही की ओळ उघडी पडते. मजकूर जागेवरच असतो. फॉन्ट टाकला की कामरगाव परत दिसतं, आणि सवड काढून तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. डेटाबेसची गोष्ट निराळी. तिथे युनिकोड मजकूर चुकीच्या पद्धतीने वाचला गेला, तर एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं दिसतात. हे दिसायला भयानक, पण दुरुस्त होण्यासारखं असतं. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मात्र हात आखडता घ्यावा. प्रश्नचिन्हं फक्त दिसत असतील तर ठीक. ती तशीच डेटाबेसमध्ये लिहिली गेली असतील, तर मूळ अक्षर गेलं, आणि बॅकअपखेरीज उपाय नाही. अशा वेळी नव्या नोंदी ताबडतोब थांबवणं हे पहिलं काम.

बॅकअप म्हणजे दोन डिस्कचं रेड नव्हे, हे इथे सांगायलाच हवं. रेड एक डिस्क मेली तर वाचवतं. चुकीने पुसलेली किंवा प्रश्नचिन्हं झालेली नोंद ते दोन्ही डिस्कवर सारख्याच इमानाने उतरवतं. मागे फिरण्याचीही मुदत असते: विंडोज ११ जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय मुळात दहा दिवसच ठेवतं. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या ३.० किंवा पुढच्या आवृत्तीत बदलून घेतलेला डेटा तर त्याआधीच्या आवृत्तीत उघडतच नाही. विंडोज परत आलं तरी हिशेब परत येत नाही.

कधीकधी दोष खरोखर अपडेटचाच असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ११ जानेवारी २०२२ च्या अपडेटनंतर जगभरचे कित्येक विंडोज सर्व्हर आपोआप पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले, आणि मायक्रोसॉफ्टला १७ जानेवारीला वेगळी दुरुस्ती काढावी लागली. असा दोष ओळखू येतो, कारण तो एका ऑफिसपुरता राहत नाही. तेच अपडेट घेतलेल्या सगळीकडे, त्याच दिवसांत, त्याच रीतीने तो दिसतो. तेव्हा अपडेट हिस्टरी उघडून त्या तारखेचं तेवढं एक अपडेट काढायचं आणि दुरुस्ती येईपर्यंत पुढची थांबवून ठेवायची. त्यालाही फॉरमॅट लागत नाही.