घरासाठी डिक्शनरी निवडताना

जून उजाडला की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पालकांची झुंबड उडते. हातातल्या यादीत कुठेतरी तळाशी 'डिक्शनरी' असा एकच शब्द असतो. कोणती, हे लिहिलेलं नसतं. मग दुकानदाराच्या हाताला लागेल ती घरी येते आणि मूल दहावी होईपर्यंत तीच राहते. आईवडील मराठी माध्यमात शिकलेले आणि मुलं इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजीत, अशी घरं उपनगरांत असंख्य आहेत. संध्याकाळी अभ्यासात अडलेल्या मुलाला तिथे डिक्शनरीचाच आधार असतो. म्हणून ही खरेदी घाईत उरकू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

इंग्रजी-मराठी कोशांची आपली परंपरा जुनी आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा कोश 1847 चा. असे कोश शब्दाचा अर्थ सांगतात आणि वाचताना तेवढं पुरतं. अडचण येते ती लिहिताना. 'डिस्कस' म्हणजे चर्चा करणे, हे मुलाला कळतं आणि ते निबंधात 'डिस्कस अबाउट' लिहून मोकळं होतं. 'इन्फर्मेशन'चं अनेकवचन करतं. अर्थ बरोबर, वाक्य चूक. शब्द वाक्यात कसा बसतो, त्याच्या मागेपुढे काय येतं, तो मोजता येतो की नाही, हे सांगते ती लर्नर्स डिक्शनरी. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांच्यासाठीच ती रचलेली असते.

या प्रकाराचं एक मूळ आपल्याच उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हे शिक्षक ढाक्यात बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवत होते. कठीण शब्दाचा अर्थ आणखी कठीण शब्दांत सांगितला तर मूल तिथेच थांबतं, हे त्यांनी ओळखलं. जेम्स एंडिकॉट यांच्यासोबत 1935 मध्ये त्यांनी जो कोश काढला, त्यात सगळे अर्थ अवघ्या 1,490 सोप्या शब्दांत बसवले होते. पुढे जपानात शिकवणारे ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे सहकारी यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. 1948 मध्ये तो ऑक्सफर्डनं काढला. आजची ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स ती हीच. 1978 मध्ये लाँगमननं सुमारे 2,000 शब्दांत अर्थ सांगणारा कोश आणला. 1987 च्या कोबिल्ड कोशानं तर अर्थच पूर्ण वाक्यांत लिहिले.

बक्षीस म्हणून अनेक घरांत आलेली कन्साइज ऑक्सफर्ड उत्तम कोश आहे, पण इंग्रजी चांगलं येणाऱ्यांसाठी. सहावीतल्या मुलाला ती देऊ नये.

चौथीपर्यंत चित्रांची डिक्शनरी पुरे. पाचवी ते सातवीला इंग्रजी-इंग्रजी-मराठी घ्यावी. रमेश धोंगडे यांनी संपादित केलेली ऑक्सफर्डची आहे. तीत इंग्रजी अर्थाशेजारी मराठी असल्यामुळे आईवडिलांनाही मुलासोबत बसता येतं. आठवीपासून मात्र लर्नर्सच हवी. जाडजूड असल्यामुळे ती दप्तरात नेता येणार नाही, घरीच राहील. शाळेसाठी छोटी वेगळी घ्या.

दुकानात मुखपृष्ठ पाहून ठरवू नका. 'डिस्कस' उघडा, उदाहरणाचं वाक्य नसेल तर पुस्तक परत ठेवा. 'पर्चेस' पाहा. आपण सगळे शेवटी 'ज' म्हणतो. उच्चार दिला असेल तर तिथे 'स' सापडेल. नुसतं 'वेबस्टर' हे नाव पाहून भुलू नये. अमेरिकेत ते कुणालाही वापरता येतं, आणि स्पेलिंगं अमेरिकी निघाली तर 'कलर'मधला 'यू' गळतो. आपल्या शाळांत ब्रिटिश स्पेलिंग चालतं. फूटपाथवरच्या स्वस्त प्रती पुष्कळदा चोरून छापलेल्या असतात. अक्षरं फुटलेली, उच्चाराच्या खुणा पुसट. मुलाच्या डोळ्यांवर हा अन्याय आहे.

फोनवर चांगले कोश फुकट मिळतात आणि उच्चार ऐकायला फोनच बरा. पण अभ्यासाच्या वेळी फोन हातात आला की शब्द बाजूला राहतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

नवी आवृत्ती परवडत नसेल तर जुन्या पुस्तकांत मागची किंवा त्याआधीची अस्सल प्रत शोधावी. ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्सच्या 2020 च्या दहाव्या आवृत्तीत 'चाळ', 'डबा', 'आधार' असे आपले शब्द आले याचा आनंद आहेच. पण शाळेच्या निबंधाला लागणारं इंग्रजी दहा वर्षांपूर्वीच्या प्रतीतही जवळजवळ सगळं सापडतं.