धम्मसहल : कान्हेरीच्या वाटेवरील काही चुका

वर्षावासाची सांगता झाली, की घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या भागांतील विहारांतून धम्मसहलींची आखणी सुरू होते. वर्गणी गोळा होते, जेवणाचा बेत ठरतो, गाडी सांगितली जाते. जेथे जायचे त्या स्थळाची माहिती मात्र फारशी कोणी काढीत नाही. सहलीत पुढे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः कान्हेरीचा विचार केला आहे. कारण उपनगरांतील उपासकांना सर्वांत जवळचे आणि सर्वांत कमी समजून घेतलेले स्थळ तेच होय.

प्रथम वाराचा व वाटेचा प्रश्न. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान व त्यातील कान्हेरी लेणी सोमवारी बंद असतात. पौर्णिमा सोमवारी आली म्हणून सहलही त्याच दिवशी ठेवली, तर प्रवेशद्वारावरूनच परतावे लागते. रविवार सोयीचा खरा, पण त्या दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. कोणत्या मार्गावर किती वेळ, हे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून ठेवावे. मुलुंड-घाटकोपरकडील मंडळी अजूनही सवयीने दादरला जाऊन गाडी बदलतात. आता त्याची गरज नाही. घाटकोपरहून मेट्रोने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकापर्यंत यावे, तेथून पादचारी पुलाने गुंदवली स्थानकात जावे आणि दहिसरकडे जाणाऱ्या मेट्रोने राष्ट्रीय उद्यान स्थानकावर उतरावे. हा मार्ग जानेवारी २०२३ पासून पूर्ण झालेला आहे. उद्यानाच्या दरवाजापासून लेणी सुमारे सहा-सात किलोमीटर आत आहेत, हे न सांगितल्याने वृद्ध माता-पित्यांचे हाल होतात. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे वेगळे, हेही हिशेब करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात तेथे गर्दी उसळते ती धबधब्यांसाठी. वास्तविक पावसाचे तीन महिने भिक्खूंनी चारिका थांबवून एका ठिकाणी राहावे, या विनयाच्या नियमातून अशा निवासांची गरज निर्माण झाली. ज्या दिवसांत भिक्खू प्रवास टाळीत, त्याच दिवसांत आपण शेवाळलेल्या पायऱ्यांवरून लहान मुलांना घेऊन चढतो! कार्तिक ते माघ हा काळ योग्य. त्यातही सकाळी लवकर पोहोचावे.

परंतु याहून मोठी चूक लेण्यांत पोहोचल्यावर होते. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतील दोन्ही बाजूंच्या उत्तुंग बुद्धमूर्ती पाहिल्या, वंदना झाली, छायाचित्रे काढली, की मंडळी झाडाखाली डबे उघडतात. वर डोंगरभर शंभराहून अधिक लेणी तशीच राहतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्खुसंघाची वस्ती होती. ती केवळ राजांच्या कृपेवर नव्हती. हे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात कोरले गेले, पण त्याचे दाते गजसेन व गजमित्र हे व्यापारी बंधू होते. ब्राह्मी शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक येथील उपासक-उपासिकांची नावे येतात. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. हातोडा चालविणाऱ्या माणसाचे नाव दाता म्हणून दगडावर कोरले जाते, ही गोष्ट आपल्या मुलांना त्या जागी उभे करून सांगितली पाहिजे. ती सांगितली नाही, तर शेजारून जाणारा कोणीतरी ‘ही पांडवांनी एका रात्रीत कोरली’ असे सांगतो आणि मुले तेच घेऊन घरी येतात. म्हणून आठ दिवस आधी विहारात एक बैठक घ्यावी, पाच-सहा लेणी निवडावीत आणि प्रत्येकाची माहिती एकेका तरुणाकडे सोपवावी. निवडीत नव्वदावे लेणे अवश्य असावे. तेथे इ. स. १००९ व १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

पारशांनी कोरले, मग आम्ही का नाही, असा प्रश्न एखादा मुलगा विचारील. त्याला स्पष्ट सांगावे, की १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यान्वये संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. श्रद्धेच्या भरातही नुकसान होते. स्तूपाशी मेणबत्त्या व उदबत्त्या लावल्याने काजळी धरते, फुले कुजून दगडावर डाग पडतात. त्रिसरण-पंचशील घेण्यास यांपैकी कशाचीच गरज नाही.

जवळच्या इतर स्थळांबाबत दोन प्रकारचे अज्ञान दिसते. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी हे नाव ऐकून पुष्कळ बौद्ध तिकडे फिरकतच नाहीत. वास्तविक ती कोंडिविट्याची बौद्ध लेणी आहेत, एकूण एकोणीस. याउलट जोगेश्वरी व मंडपेश्वर ही शैव लेणी असताना तीही बौद्धच असल्याचे काही उत्साही कार्यकर्ते ठासून सांगतात. आपल्यापाशी इतके खरे असताना चुकीच्या दाव्याची आवश्यकता काय? त्याने खऱ्या दाव्याचे वजन मात्र कमी होते. मागाठाण्याची बौद्ध लेणी तर वस्तीच्या दाटीत हरवली आहेत. कान्हेरीच्या एका लेखात संघाला दिलेल्या शेताच्या संदर्भात ‘मंगलठाण’ असे गाव येते. अभ्यासक ते हेच मागाठाणे मानतात. राष्ट्रीय उद्यानाकडे जाताना त्याच नावाचे मेट्रो स्थानक लागते.

उत्तरेकडील बौद्ध स्थळांच्या यात्रेत याच चुका अधिक महाग पडतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, लुंबिनी हे सारे आठ दिवसांत बसविण्याचा अट्टहास असतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात एक गाडी दहा तास उशिरा धावली, की सगळी आखणी कोसळते. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवावेत. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, याची नोंद जुन्या आयोजकांनी घ्यावी. लुंबिनी नेपाळमध्ये आहे. तेथे जाताना केवळ आधार कार्डावर विसंबू नये, पासपोर्ट अथवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीत बरोबर असावे.

गयेपर्यंत गेल्यावर एक दिवस बराबरच्या डोंगरासाठी राखावा. तेथील सुदामा गुंफा सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीवक श्रमणांना दिली. तिच्या आत गोल झोपडीच्या आकाराची खोली दगडात कोरलेली आहे. कोंडिविट्याच्या नवव्या लेण्यात स्तूपाभोवती तशीच गोल खोली आहे, जाळीच्या खिडक्यांसह. तेव्हा अंधेरीचे हे लेणे आधी पाहावे आणि मग गयेची गाडी धरावी.