मोज्यांच्या वासाचे मूळ

व्हॅलेरियनचे मूळ जमिनीतून नुकते काढलेले असते तेव्हा त्याच्या वासाकडे कुणाचे विशेष लक्ष जाणार नाही. धुऊन वाळत घातले की मात्र ते स्वतःची दखल घ्यायला लावते. दिवसभर बुटात कोंडलेल्या मोज्यांना येतो तो वास, आणि यात उपमेचा भाग कमी, रसायनशास्त्राचा अधिक. घामेजल्या पायांवरचे जिवाणू जे आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात, तेच या मुळात असते. ताज्या मुळात ते दुसऱ्या रेणूंशी बांधलेले असते; मूळ वाळू लागले की सुटे होऊन हवेत पसरते. याच वनस्पतीच्या पांढऱ्या-गुलाबी फुलांना गोड सुवास असतो, हे सांगून कुणाला खरे वाटत नाही.

युरोपात आणि आशियाच्या थंड भागांत, ओलसर जमिनीवर ही वनस्पती पुरुषभर उंच वाढते. वाळलेल्या मुळांतून वाफ सोडून, ती वाफ थंड करून तेल वेगळे काढतात. शंभर किलो मुळांमागे तेल मिळते ते बहुधा एक किलोच्याही आत, त्यामुळे अस्सल बाटली स्वस्त असणे शक्यच नाही. तेल पिवळट-हिरवे ते तपकिरी असते आणि जुने होत गेले की गडद व दाट होते. त्यात बोर्निल ॲसिटेट असते, म्हणून आधी देवदारी जंगलाची चाहूल लागते. कॅम्फीनमुळे कापराची आठवण होते. आणि मग मागून मोजे येतातच. अत्तराच्या मिश्रणात थेंबभर पडले तर ते मातकट, कस्तुरीसारखी खोली देते. तंबाखूला आणि काही खाद्यपदार्थांना स्वाद देण्यासाठीही ते वापरले गेले आहे.

पण आज लोक ही बाटली घेतात ती झोपेसाठी. दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातला वैद्य गेलन निद्रानाशावर व्हॅलेरियन देत असे, असे सांगितले जाते. जर्मनीत आणि रशियात आजही जीव घाबरा झाला की लोक व्हॅलेरियनचे थेंब घेतात. यामागे काही आधार आहे. मुळातले व्हॅलेरेनिक आम्ल मेंदूतल्या ‘गाबा’ यंत्रणेवर, म्हणजे चेतापेशींची धावपळ थोपवणाऱ्या यंत्रणेवर, काम करते हे प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने 2017 साली प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी व्हॅलेरियन सुचवू नये, अशी शिफारस केली.

शिवाय या चाचण्या बहुतेक मुळाचा अर्क असलेल्या गोळ्यांवर झालेल्या आहेत, हे तेलाच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. मूळ, अर्क आणि तेल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॅलेपोट्रिएट नावाची द्रव्ये मुळात असतात, पण ती नाजूक. ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत टिकून तेलात उतरत नाहीत. व्हॅलेरेनिक आम्ल तेलात येते, पण ते जड असल्याने डिफ्यूझरमधून सहजी हवेत उडत नाही. खोलीत पसरते ते मुख्यतः हलके, वासाळ द्रव्य. वास घेतल्याने गुंगीच्या औषधाखालच्या उंदरांची झोप लांबल्याचे जपानी संशोधकांनी 2006 साली नोंदवले होते. तेवढ्यावरून माणसाच्या उशाशी बाटली ठेवावी असे म्हणता येत नाही.

या मुळाचा वैद्यकातला सर्वांत मोठा वारसा झोपेशी निगडित नाहीच, आणि त्याची गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. नेपल्सचा फाबियो कोलोना याला अपस्मार होता. जुन्या ग्रीक ग्रंथांत या आजारावरचे औषध शोधता शोधता तो व्हॅलेरियनपाशी पोहोचला, आणि 1592 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्याने या मुळाचा पुरस्कार केला. पुढे रसायनशास्त्र आले आणि व्हॅलेरिक आम्लाला या वनस्पतीचेच नाव मिळाले. 1882 साली अमेरिकन रसायनतज्ज्ञ बेव्हरली बर्टन याने त्या आम्लाचे एक भावंड प्रयोगशाळेत बनवले: व्हॅल्प्रोइक आम्ल. ऐंशी वर्षे ते निव्वळ द्रावक म्हणून वापरात होते. 1962 साली फ्रान्समध्ये पिएर एमार हा तरुण संशोधक फिट्सवर गुणकारी ठरतील अशी काही संयुगे तपासत होता. ती विरघळवायला त्याने हेच द्रव वापरले. जे जे त्यात घातले ते सगळेच गुणकारी ठरू लागले, तेव्हा खरे काम द्रावकच करतो आहे हे ध्यानात आले. याच आम्लापासून बनणारे सोडियम व्हॅल्प्रोएट आज जगभर अपस्मारावर दिले जाते. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतही ते असते. कोलोनाच्या मुळात हे औषध नव्हते, त्यामुळे त्याचा दावा खरा ठरला असे म्हणणे चुकीचे होईल. तरीही योगायोग म्हणून तो नोंदवण्याजोगा आहे.

भारतात याच कुळातली तगर हिमालयात साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवर मिळते. पहाडी लोक तिला मुश्कबाला म्हणतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मागायचा तो तगरगंठोडा. अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर वेगळी, तिचा याच्याशी काही संबंध नाही, म्हणून तिच्या मुळ्या उकळण्याच्या भानगडीत पडू नये. दुसरी नातलग जटामांसी. ती मराठी घरांना उटण्यातून आणि केसांच्या तेलातून परिचित आहे. ती आणखी उंचावर उगवते, आणि मुळासकट उपटली जात असल्याने तिची स्थिती इतकी बिकट झाली आहे की 1997 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचे नियंत्रण आहे. जटामांसीचे तेल व्हॅलेरियन म्हणून किंवा उलट खपवणे अवघड नाही. बाटलीवर ‘व्हॅलेरियाना ऑफिसिनालिस’ हे शास्त्रीय नाव असेल तरच ते युरोपीय व्हॅलेरियन समजावे.

वापरायचेच असेल तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून, एक-दोन थेंबांपुरते. वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याविना ते पोटात घेऊ नये. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी तर या वाटेला जाऊच नये. मद्यासोबतही नको. आणि घरात मांजर असेल तर बाटलीचे बूच घट्ट लावावे. या मुळात मांजरांना वेड लावणारी द्रव्ये असतात, ॲक्टिनिडिन त्यातले एक. 2017 सालच्या एका अभ्यासात वाळलेले मूळ पुढे ठेवल्यावर जवळपास निम्म्या मांजरांनी त्यावर लोळण घेतली, गाल घासले, लाळ गाळली. माणसाला झोपवण्यासाठी आणलेल्या वस्तूने मांजराची झोप उडते. तेल हे मुळापेक्षा कितीतरी तीव्र असल्याने मांजराच्या खेळण्यावर ते शिंपडण्याचा मोह मात्र टाळावा. त्यासाठी वाळलेल्या मुळाचा तुकडा पुरतो.