वजन दिलमुनचं, मोती बहरीनचा

इराकमधल्या ऊर शहरात सापडलेल्या, सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या पाटीवर तांब्याचा हिशेब कोरलेला आहे. माल जवळपास १८ टन. त्याचं वजन आधी दिलमुनच्या मापात लिहिलं आहे, मग ऊरच्या मापात. दिलमुन म्हणजे आजचं बहरीन. तांबं तिथलं नव्हतंच, ते ओमानच्या डोंगरातलं. बेटाकडे होते गोड्या पाण्याचे झरे, सुरक्षित बंदर आणि विश्वासाचा तराजू. या हिशेबावरून दिलमुनचं ‘मिना’ हे वजन सुमारे १,३७० ग्रॅमचं ठरतं. हडप्पा-मोहेंजोदडोच्या १३.७ ग्रॅमच्या वजनाची ही शंभर पट! बहरीनच्या उत्खननात सिंधू पद्धतीची वजनं निघाली आणि आपल्या लोथलला आखाती धाटणीची गोल मुद्रा. दोन किनाऱ्यांचा व्यवहार एकाच मापावर चालत होता, याचा याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

पुढे तांब्याची जागा मोत्याने घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी बहरीनचे बहुतेक मोती मुंबईच्या बाजारात येत. इथे ते निवडले जात, विंधले जात आणि मग युरोपला रवाना होत. मराठी घरांतल्या नथींतले ‘बसरा मोती’ याच आखातातले. १९१२ साली पॅरिसच्या जवाहिऱ्या घराण्यातला जाक कार्तिए स्वतः बहरीनला मोती पाहायला गेला होता.

या व्यापारात दाण्याचा भार अत्यंत काटेकोरपणे जोखला जाई. वजन दुप्पट झालं की किंमत साधारण चौपट धरत. माणसाच्या श्रमाला मात्र असा काटा नव्हता. पाणबुडे उन्हाळाभर नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळ गाठत. हंगामापूर्वी नाखव्याकडून उचल घेत, ती फिटत नसे आणि बापाचं कर्ज मुलाच्या माथी येई. १९२०च्या दशकात, तिथे वर्चस्व असलेल्या इंग्रजांच्या दबावाने कर्जाच्या वह्या आल्या, वारशाचं ओझं उतरलं. पण उचलही आटली. त्यातच जपानचे संवर्धित मोती आले आणि जागतिक मंदीने बाजार बसवला. १९३२ साली पाणबुड्यांनी राजधानी मनामात उठाव केला. त्याच वर्षी जबल दुखान या टेकडीपाशी तेल लागलं.

तेल फार नव्हतं, म्हणून बहरीन पुन्हा इतरांचा माल हाताळू लागलं. १९६५पर्यंत तिथे रुपया चालत होता, मग दिनार आला. १५ ऑगस्ट १९७१ला देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी अल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला, तोही आयात कच्च्या मालावर. लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर बँका बैरुतहून इकडे आल्या. १९८६च्या २५ किलोमीटरच्या सेतूने बेट सौदीला जोडलं.

आज तिथल्या रहिवाशांत निम्म्याहून अधिक परदेशी आहेत, आणि त्यांत भारतीय सर्वांत मोठ्या संख्येने. २००९ साली बहरीनने जुन्या मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा कामगारांना दिली. आखातात हे धाडसाचं पाऊल होतं. २०११ साली कायद्याने त्यावर आधी एक वर्ष त्याच मालकाकडे काम करण्याची अट घातली. येताना दलालाला दिलेल्या पैशांचं कर्ज मात्र अनेकांना आजही पहिली काही वर्षं फेडत राहावं लागतं.