आधी रिटर्न, मग व्हिसा

सकाळी ९
जूनचा पहिला आठवडा. परदेशात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकांना रिटर्न भरायला १५ एप्रिलऐवजी १५ जूनपर्यंत मुदत असते. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात खरी गर्दी आत्ता. पहिलं जोडपं वेळेच्या आधीच येऊन बसलंय. ती न्यू जर्सीत जन्मली, तिसरीत असताना आईवडिलांबरोबर पुण्याला परतली, आता हिंजवडीत नोकरी करते. तो साताऱ्याचा. नवऱ्याला अमेरिकेला नेण्यासाठी तिने केलेला अर्ज मंजूर झालाय. पुढची पायरी आय-८६४, म्हणजे त्याचा आर्थिक भार उचलण्याचं प्रतिज्ञापत्र, आणि त्याला तिचं ताजं अमेरिकी रिटर्न जोडावं लागतं. तिने ते कधी भरलेलंच नाही.

“मॅडम, मी इथे टॅक्स भरतेच की. तिकडे एक डॉलरही कमावला नाही.”

हे मी रोज ऐकते, आणि ऐकताना वाईट वाटतं, कारण या मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो कुठेही राहत असला तरी रिटर्न मागते. विवाहित व्यक्ती स्वतंत्र रिटर्न भरत असेल तर उत्पन्नाची मर्यादा अवघी ५ डॉलर. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळून देणं बहुधा शून्यावर येतं. रिटर्न मात्र चुकत नाही.

सकाळी १०.३०
ती फॉर्म १६ घेऊन आलीय. तो एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणून महिन्या-महिन्याच्या पगारपत्रकांवरून वर्ष नव्याने जुळवायचं. एफडीचं व्याजही तसंच. मग खाती. वर्षात एखाद्या दिवशी जरी सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर ‘एफबार’ नावाचं वेगळं विवरण द्यावं लागतं. वडिलांच्या एफडीवर तिचं नाव आहे, तीही धरायची. शिवाय म्युच्युअल फंडाच्या एसआयपी. भारतीय फंड अमेरिकी कायद्याला फार खटकतात. त्यांच्यासाठी फॉर्म ८६२१, तोही प्रत्येक फंडाचा निराळा.

यंदाचं रिटर्न मुदतीत नेहमीच्या वाटेने जाईल. मागच्यासाठी ‘स्ट्रीमलाइन्ड’ योजना आहे: तीन वर्षांची रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, आणि हे जाणूनबुजून टाळलं नव्हतं असं सांगणारा फॉर्म १४६५३. नियमात बसणाऱ्याला दंड नाही. रिटर्नच्या माथ्यावर लाल शाईने योजनेचं नाव लिहून गठ्ठा टेक्सासमधल्या ऑस्टिनला टपालाने पाठवायचा. १४६५३मधली हकिकत मी कोणाला लिहून देत नाही. ती तिचीच असायला हवी, कारण खाली सही तिची आहे.

दुपारी १२.३०
डबा खाण्याआधी महत्त्वाचा निर्णय. फॉर्म २५५५ भरला तर परदेशातली कमाई वगळता येते. २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत. सोपा मार्ग, पण मग रिटर्नवरचं ‘टोटल इन्कम’ शून्याच्या आसपास येतं आणि तोच आकडा प्रतिज्ञापत्रात लिहावा लागतो. फॉर्म १११६ ने भारतातल्या कराची वजावट घेतली तर कर तसाच मिटतो आणि पगार रिटर्नवर दिसत राहतो. दोन्ही कायदेशीर. जोडीदाराला न्यायचंय अशा माणसाला मी दुसरा मार्ग आधी तपासायला सांगते.

दुपारी ३.३०
परदेशातल्या करदात्यांसाठीची आयआरएसची, म्हणजे अमेरिकी करखात्याची, लाइन तिकडे सकाळी ६ला उघडते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेतीनला. पहिल्याच मिनिटाला फोन लावायचा. आजचा फोन दुसऱ्या एका तरुणाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी. त्याने लग्नानंतरही ‘सिंगल’ म्हणून रिटर्न भरलंय. व्हिसाच्या फाइलमध्ये लग्नाचा दाखला आणि करात अविवाहित, हे चालणार नाही. सुधारित रिटर्न १०४०-एक्स भरायचं, बायकोला सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही म्हणून त्या जागी ‘एनआरए’, म्हणजे अनिवासी परकीय, असं लिहायचं. दोघांचं एकत्र रिटर्नही भरता येतं, पण मग तिची भारतातली कमाईही अमेरिकी करात येते. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ५
सकाळचं जोडपं परत. आता अवघड भाग. दोघांच्या कुटुंबासाठी अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं; २०२५मध्ये ते २६,४३७ डॉलर होतं. तिचा पगार तेवढा आहे, पण अमेरिकेला गेल्यावर ही नोकरी सुटणार, आणि सुटणारं उत्पन्न धरत नाहीत. मालमत्ता दाखवायची तर तुटीच्या तिप्पट, तीही वर्षभरात रोख करता येईल अशी. शिवाय आपण अमेरिकेत कायमचं राहायला जातोय याचा पुरावा: नोकरीचे अर्ज, राहण्याची सोय, बँक खातं. तिचे मामा अमेरिकेत एडिसनला आहेत. ते सह-जामीनदार राहतील का, हे विचारायचं ठरलं.

संध्याकाळी ६.३०
मामांचा फोन. “उद्या या दोघांचं बिनसलं तर?” त्यांनी थेट विचारलं, आणि मला ते आवडलं. ही जबाबदारी भाचीचा नवरा अमेरिकी नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमेपर्यंत राहते. तो देश कायमचा सोडून गेला किंवा मरण पावला तर आधी संपते. घटस्फोटाने संपत नाही. तिची नाही, मामांचीही नाही. हे मी कोणालाच सौम्य करून सांगत नाही. मामा म्हणाले, मामीशी बोलून कळवतो. तसंच करायला हवं.

तुमच्या घरात अमेरिकेत जन्मलेलं आणि इथे कमावतं झालेलं कोणी असेल, तर त्याचं लग्न ठरायची वाट पाहू नका. पहिल्या पगाराच्या वर्षापासून त्याला रिटर्न भरायला लावा.