ती सात गाणी गेली कुठे?

बालमित्रांनो, आधी एक कोडे घालते. असे कोणते गाणे आहे, जे हजारो लोकांनी ऐकले, ज्याच्या गायकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे, शब्द ठाऊक आहेत, ते पहिल्यांदा कुठे वाजले ती तारीखही ठाऊक आहे. पण आज ते कोणालाच ऐकता येत नाही?

विचार करा. तोवर आमच्या वर्गाची गोष्ट सांगते.

मी वर्सोव्याच्या एका शाळेत चौथीला शिकवते. वर्गात 'मुंबईत पहिल्यांदा' हा प्रकल्प चालू होता. पहिली आगगाडी झाली, मग पहिला बोलपट आला. मी सांगितले, "भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा'. त्यात सात गाणी होती." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, त्यातलं पहिलं गाणं ऐकवा ना!"

मला वाटले, त्यात काय अवघड आहे? म्हटले, "दोन दिवसांत ऐकवते." त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले!

आधी 'आलम आरा'ची ओळख करून घेऊ या. १४ मार्च १९३१, शनिवार. गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहासमोर तोबा गर्दी! पडद्यावरची माणसे चक्क बोलणार, गाणार! तोपर्यंतचे चित्रपट मुके होते. हा बोलपट काढला होता इंपीरियल फिल्म कंपनीच्या अर्देशीर इराणी यांनी. 'शो बोट' हा अमेरिकेतला गाण्यांचा बोलपट पाहून त्यांनी मनाशी ठरवले, आपणही असा चित्रपट करायचा. नायक होते मास्टर विठ्ठल आणि नायिका झुबेदा. पहिले गाणे गायले वझीर महंमद खान यांनी, फकिराच्या वेषात.

तेव्हा पार्श्वगायन नव्हते, बरं का. नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचे. मायक्रोफोन आसपास लपवून ठेवलेले असत. स्टुडिओ होता ग्रँट रोडजवळ, केनेडी पुलाच्या बाजूला, अगदी रेल्वेच्या रुळांना लागून. दिवसा गाड्यांचा खडखडाट. मग काय? गाड्या थांबल्या की रात्री चित्रीकरण! तुम्ही अंधेरीहून चर्चगेटला जाता ना, त्याच मार्गावरच्या गाड्या होत्या त्या.

आता आमचा शोध. सुरुवात अर्थातच मोबाइलवर. नाव टाकले आणि गाणे हजर! मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण मला एक गोष्ट खटकली. मूळ गाण्याला साथ होती फक्त पेटी आणि तबल्याची, असे मी वाचले होते. इथे तर मागे कितीतरी वाद्ये वाजत होती! चौकशी केल्यावर उलगडा झाला. 'आलम आरा' याच नावाचे चित्रपट १९५६ आणि १९७३ मध्ये पुन्हा निघाले. गंमत म्हणजे फकिराचे काम दोन्ही वेळा वझीर महंमद खान यांनीच केले. माणूस तोच, पण गाणे १९३१ चे नव्हे. म्हणून सांगते, नाव जुळले की काम झाले, असे समजू नका. तारीख तपासा, कान उघडे ठेवा.

मग वाटले, जुनी तबकडी शोधावी. जुन्या तबकड्या लाखेपासून बनवत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, दहा इंची, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावणाऱ्या! हातातून पडली की खळकन फुटलीच. अशा तबकड्यांसाठी मी एका रविवारी चोरबाजारात गेले. एका वयस्कर दुकानदारांनी माझे ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, "मॅडम, वो रेकॉर्ड किसी के पास नहीं मिलेगी. बनी ही नहीं!"

खरेच की! कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' नावाचे मोठे काम केले आहे. कोणत्या चित्रपटात कोणती गाणी, त्यांच्या तबकड्यांचे क्रमांक कोणते, हे त्यात वर्षावार दिले आहे. पण 'आलम आरा'च्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नव्हत्या. मग क्रमांक कुठून असणार?

तर मग ती गाणी होती कुठे? फक्त चित्रपटाच्या पट्टीवर! ते कसे, पाहा. मायक्रोफोन आवाजाची वीज करतो. त्या विजेने एका दिव्याचा प्रकाश कमी-जास्त होतो. त्या प्रकाशाने पट्टीच्या कडेला बारीक फिक्या-गडद रेघा उमटतात. चित्रपट दाखवताना त्या रेघांमधून उजेड जातो आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. म्हणजे पट्टी गेली की चित्रही गेले आणि गाणेही गेले.

आणि पट्टी गेली, मित्रांनो! पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. तिथले पी. के. नायर जुने चित्रपट गावोगाव हिंडून गोळा करत. ते अर्देशीर इराणींना भेटले. इराणींना वाटत होते, काही रिळे कुठेतरी असतील. पण त्यांच्या मुलाने नायरांना सांगितले, की ती रिळे केव्हाच चांदी काढण्यासाठी देऊन टाकली. जुन्या पट्टीवर चांदीचा अंश असे ना! इराणी १९६९ मध्ये वारले. पुण्याच्या संग्रहालयाला २००३ मध्ये आग लागली, त्यात 'आलम आरा' जळाला, असे काही जण सांगतात. ते खरे नाही. तो त्याआधीच नाहीसा झाला होता.

मी हे वर्गात सांगितले तेव्हा सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने एका मुलीने विचारले, "बाई, म्हणजे ते गाणं आता कधीच नाही ऐकू येणार?"

काय सांगणार? म्हटले, "कुठल्या तरी जुन्या पेटीत एखादे रीळ निघाले, तरच."

मग मी मुलांना 'अयोध्येचा राजा' दाखवला. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा मराठी बोलपट १९३२ चा, म्हणजे 'आलम आरा'नंतर वर्षभरातला. मुंबईत तो लागला तोही मॅजेस्टिकमध्येच! त्याला संगीत गोविंदराव टेंबे यांचे. हरिश्चंद्र झाले तेही टेंबेच आणि तारामती दुर्गा खोटे. आवाज थोडा खरखरतो, पण नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचा त्यांचा सूर आपण आजही ऐकू शकतो. कारण एकच. त्याची पट्टी टिकली. 'आलम आरा'ची टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी माझ्या टेबलापाशी आली. ती आपल्या कोळीवाड्यातली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, माझी आजी लग्नात धवले म्हणते. आई म्हणते, सगळे धवले आता आजीलाच येतात. त्याची पण तबकडी नाहीये."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. धवले म्हणजे आगरी-कोळी लग्नात म्हणायची गाणी आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. मी दोन महिने चोरबाजारापर्यंत हिंडत होते आणि शाळेपासून पाच मिनिटांवर एक न छापलेली तबकडी रोज मासळी निवडत बसली होती!

त्या रविवारी आम्ही आजींच्या ओटीवर जमलो. आजी आधी लाजल्या. "लगीन नाही, हळद नाही, मी कशाला गाऊ?" मग नातीने हट्ट धरला. पंखा बंद केला, मोबाइल त्यांच्याजवळ पाटावर ठेवला आणि सगळे चिडीचूप बसलो. मधेच एक विमान गेले. म्हटले, इराणींना आगगाड्या, आम्हाला विमाने! आम्ही ते जाईपर्यंत थांबलो आणि पुन्हा सुरुवात केली. तीन धवले झाले. चौथ्याच्या मधल्या ओळी आजींना आठवेनात. त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीला ठाव होत्या. ती गेली."

तेवढ्या ओळी गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा मुलांनो, या सुट्टीत एक काम करा. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला ओव्या, अंगाई, आरती, भोंडल्याची गाणी येतात ते विचारा. शांत वेळ निवडा, पंखा-टीव्ही बंद करा. गाण्याआधी त्यांचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकलात हे त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. शब्द वहीत उतरवा. आणि पालकहो, ते ध्वनिमुद्रण एकाच मोबाइलवर ठेवू नका, निदान दोन ठिकाणी ठेवा. 'आलम आरा'ने आपल्याला शिकवले ते एवढेच.

हो, आणि सुट्टीची वाट तरी कशाला पाहायची? आज संध्याकाळी आजी घरी असेलच की!