त्यांच्या आधी तुम्ही सभेला जा

संध्याकाळी दाराची कडी कशी वाजली यावरून ‘आज किती घेतलीय’ हे ओळखणाऱ्या बायका आपल्यात थोड्या नाहीत. पगाराच्या दिवशी खिसे चाचपायचे, शेजारीण आली की ‘ह्यांना जरा बरं नाही’ म्हणायचं, कामावर आजारपणाचा निरोपही आपणच पाठवायचा. मैत्रिणींनो, हे सारे तुम्ही संसार सावरण्यासाठीच करता. पण त्यामुळे दारूचे परिणाम त्यांना पुरते जाणवतच नाहीत. मधल्या मध्ये तुम्हीच ते झेलता.

‘ते तयार झाले की काहीतरी करू’ म्हणत वर्षे जातात. ते तयार नसले, तरी तुम्हाला आधार मिळू शकतो. तो कुठे शोधायचा, ते पाहू या.

सभेत काय चालते?

अमेरिकेतल्या ॲक्रन गावी १९३५ साली दारूने पोखरलेले दोन गृहस्थ भेटले. एक शेअर बाजारातला, दुसरा डॉक्टर. आपल्यासारख्याच माणसाशी मन मोकळे केले की पिण्याची ओढ आवरता येते, असा अनुभव त्यांना आला. त्यातूनच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ ही संघटना उभी राहिली. तिच्या सभेला फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. जन्मभराची शपथ कुणी घालत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, असे ठरवायचे.

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ सुरू झाली. तिथे बायका, आया, मुले बसतात. नवरा अजून पीत असला, तरी तुम्हाला तिथे जाता येते. ‘माझंच काहीतरी चुकलं म्हणून ते पितात’ हे ओझे तिथे उतरते. कारण शेजारी बसलेली बाई तुमचीच कहाणी सांगत असते!

आपल्याकडे पुण्याला डॉ. अनिता अवचट यांनी डॉ. अनिल अवचटांच्या साथीने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मोठी देणगी दिली. व्यसनी माणसाच्या बायकोलाही आधार हवा, हे ओळखून तिथे ‘सहचरी’ हा पत्नींचा गट चालतो.

नंदुरबारहून शोधायचे कसे?

पहिला फोन १४४४६ या सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनवर करा. तो फुकट आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारासाठी कोणत्या दिवशी यायचे, तेही विचारून ठेवा. ‘एए’चे भारतातले मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे, जवळच्या सभेची चौकशी तिथेही करता येते. विचारताना नंदुरबारबरोबर धुळे, जळगाव आणि सुरत ही नावेही सांगा. जळगाव आणि सुरत तर आपल्या रेल्वेमार्गावरच आहेत.

सभेचा वार, वेळ आणि भाषा कागदावर लिहून घ्या. ‘खुली सभा आहे का?’ हे जरूर विचारा. ‘एए’च्या खुल्या सभेला घरच्यांनाही बसता येते. धडगाव-अक्कलकुव्याच्या मैत्रिणींना संध्याकाळच्या एसटीची पंचाईत. त्यांनी मोबाइलवर भरणाऱ्या सभांची चौकशी करावी.

या दोन चुका टाळा

‘न कळत चहात घाला, दारू सुटेल’ अशी पावडर बाजारात कुणी देऊ केली, तर घेऊ नका. त्यात काय आहे, कोण जाणे! दारू सोडवण्याचे एक खरे औषध असे आहे, की त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यावे लागते.

दुसरे, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका. एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होतात. आधी डॉक्टर, मग सभा. आणि घरात मारहाण होत असेल, तर सभेची वाट पाहू नका. ११२ किंवा १८१ फिरवा.

लोक काय म्हणतील?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पण एकत्र जमून दारू सोडणे आपल्या भागाला नवे नाही. १९३७-३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यात मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. एकमेकांना मानाने ‘आप’ म्हणत, आणि दारू सोडत. १९७२-७३ मध्ये शहादे भागातल्या आदिवासी बायका गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. तुम्हाला तर मडके फोडायचे नाही, फक्त एका खोलीत चार जणींबरोबर बसायचे आहे.

पहिल्या दिवशी बोलता आले नाही, तर नुसते ऐका. एका सभेने दारू सुटणार नाही. सुटली तरी मध्येच पुन्हा पाय घसरतो. त्यांचे ‘उद्यापासून बंद’ कधी खरे होईल, ते तुमच्या हाती नाही. येत्या आठवड्यात एक फोन करणे मात्र तुमच्या हाती आहे. मुले शाळेत गेली, घर जरा निवांत झाले, की तो कराच.